शेवटच्या गाण्यातलं दार

सुताराने स्टेजवर नुसतं दार उभं करून दिलं होतं. भिंत नाही, खोली नाही. चौकट, दार आणि मागे काळा पडदा.

“दादा, परत एकदा,” गायक म्हणाला. “दार जोरात लागलं, पण तू रागावून गेलास असं वाटत नाही.”

ड्रम वाजवणारा हा त्याचा सख्खा थोरला भाऊ. शेवटच्या अल्बमच्या वेळी राग त्याला खरोखरच आला होता. डावा कान कामातून गेला होता, त्यात सारखी शिट्टी वाजायची. ड्रम बंद करा, नाहीतर उजवाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि धाकटा एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायला लावत होता. शेवटी भर गाण्यात दादाने काड्या खाली ठेवल्या, स्टुडिओचं दार आपटलं आणि तडक घर गाठलं. बँड तिथेच मोडला. उरलेल्यांनी ते गाणं तसंच, दाराच्या आवाजासकट, शेवटच्या अल्बममध्ये घालून टाकलं.

आणि समीक्षक वेडेच झाले. इतकी वर्षं ज्यांनी या बँडला हिंग लावूनही विचारलं नव्हतं, ते आता त्या दारावर रकानेच्या रकाने भरू लागले. एकाला त्यात ‘निरोपाचा सर्वांत धीट आवाज’ सापडला, दुसऱ्याला अख्ख्या पिढीची घुसमट. दादाला त्यात फक्त सैल बिजागरी ऐकू यायची.

लोकांना मात्र ते दार डोळ्यांनी बघायचं होतं. निरोपाचा दौरा ठरला, वर्षभराचा.

“दार काय, कुणीही आपटेल,” दादाने म्हणून पाहिलं होतं.

“आणि त्याआधीची गाणी कोण वाजवेल?” धाकट्याने विचारलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते. जन्मात पहिल्यांदा त्याचं कुणी कौतुक करत होतं. नाही म्हणायला दादाची जीभ रेटेना.

आता त्याने काड्या उचलल्या. गाणं सुरू झालं. शिट्टी चढत गेली, गिटार पुसट झाली, आणि मधेच भावाचा आवाजच येईनासा झाला. समोर त्याचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण ऐकू काही येत नव्हतं.

बस झालं. त्याने काड्या खाली ठेवल्या, दार ओढून घेतलं, पडदा बाजूला सारला, जिना उतरला आणि बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली. हळूहळू रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येऊ लागले, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

धाकटा मागोमाग धावत आला.

“मी चाललोय,” दादा म्हणाला. “खरंच चाललोय.”

धाकट्याने त्याला कडकडून मिठी मारली.

“तेच तर! बघ, अजून अंगावर काटा आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “दादा, आता रोज अगदी असंच निघून जायचं.”