फ्लॅश कुणी मारला?

व्हरांड्यात डॉमिनो खेळायला कुणी नवा भिडू आला, की विल्फ्रेदो मोटारींची तीच जुनी शर्यत काढून बसायचा.

"हिरवा दिवा लागणार, तेवढ्यात कुण्या गाढवाने डोळ्यांवर फ्लॅश मारला! मला वाटलं, हिरवाच लागला. गाडी सोडली, तर वेळेआधी सुटल्याचा लाल दिवा! फायनलमधून बाद! हात झडोत मेल्याचे. काय गं मिग्दालिया, तू होतीस ना तिथे?"

"होते की," कॉफी ओतता ओतता त्याची बायको थकल्या आवाजात म्हणाली. बावीस वर्षं ती हे शाप ऐकत आली होती. फ्लॅश तिच्याच कॅमेऱ्याचा होता.



तिने लपवून ठेवलेल्या त्या फोटोत गाडी रेषेच्या पुढे गेलेली होती आणि लाल दिवा आधीच लागलेला होता.