शैलाच्या माहेरचं हिरवं

तापाच्या गोळ्यांनी दामोदरच्या तळहातातलं हिरवं मेलं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा बायको, शैला, दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्याला वाटलं. हिरवं म्हणजे कातडीत राहणारे एकपेशीय जीव; ते उन्हावर साखर करत, माणसाला भूक कमी लागे. प्रत्येक घराण्यात त्यांचं वेगळं वाण तयार झालं होतं. लग्नात वधूवर उन्हात हात धरून बसत आणि वाण एकमेकांना देत. दामोदरकडे शैलाच्या माहेरचं होतं.

"हे वाण वेंगुर्ल्यात आणखी एकाकडे आहे," बाई म्हणाल्या. "इनासकडे."

इनास शैलाबरोबर मत्स्यबीज केंद्रात कामाला होता. दामोदर तडक त्याच्या दारात गेला.

"तिने तुला हात कधी दिला?"

"आजारपणात माझं सगळं मेलं होतं, दामूभाऊ. जेवणाच्या सुट्टीत ती महिनाभर माझा हात धरून बसायची."

"महिनाभर? मला लग्नात एक दुपार मिळाली."

इनासने हात पुढे केला. तळहात गर्द हिरवा होता. "रागवा, पण घ्या. पावसाळा लागला की ऊन मिळायचं नाही."

दामोदर ओट्यावर उन्हात बसला. इनासही शेजारी बसला.

तो हात दामोदरने अजून धरलेला नाही.