ओळखीची खूण

एव्हरशाईन सिटीच्या वळणावर मोटारीने धडक दिली आणि दिनानाथांच्या कृत्रिम पायाला तडा गेला. हवालदार म्हणाला, "काका, रक्त नाही, हाड मोडलं नाही, मग दुखापत कसली? वस्तूचं नुकसान झालंय." आणि पाय मुद्देमाल म्हणून जप्त झाला. पाय गमावण्याची दिनानाथांची ही दुसरी वेळ.

पाय परत देण्याचा कोर्टाचा हुकूम निघाला, तसे ते पत्नी विनयाकाकींच्या खांद्याला धरून, लंगडी घालत चौकीत पोहोचले.

"आधी ओळख पटवा. तक्रारीत तुमची खूण लिहिलीय, डावा पाय कृत्रिम. दाखवा."

काकी उसळल्या, "तो काय, तुमच्याच मागे फळीवर पडलाय!"

हवालदाराने मागे वळूनही पाहिलं नाही.



"तो मुद्देमाल आहे, काकी. काकांचा पाय दाखवा."