पाऊण तास

"शेठ, हनुवटीखाली अजून खरखर लागतेय. एक हात फिरवतो," सलूनवाला म्हणाला आणि त्याने ठेकेदाराच्या गालांवर दुसऱ्यांदा फेस चढवायला घेतला.

"आटप लवकर. वीस मिनिटं झाली."

"घाईत वस्तरा लागला तर बोलणी मलाच बसायची."

बाकावर रिटायर्ड पोस्टमन आणि इस्त्रीवाला बसले होते. दोघांचे नंबर खरं तर आधी होते. पण ठेकेदार आत शिरताच दोघेही उठले. "तुम्ही बसा शेठ, आम्हाला कुठे पळायचंय," इस्त्रीवाला म्हणाला. ठेकेदाराला त्यात नवल वाटलं नाही. गल्लीतल्या निम्म्या माणसांना त्याने कधी ना कधी काम दिलं होतं. त्याच्यापुढे सगळे वाकूनच असत.

खुर्चीच्या हातावर त्याची मूठ होती. बोटांची पेरं सुजलेली होती. सलूनवाल्याने तिकडे पाहायचं टाळलं. हातात वस्तरा होता.

तीन वर्षं गल्ली ठेकेदाराच्या घरातले आवाज ऐकत होती. भिंतीवर काहीतरी आपटे, बाईचा आवाज मध्येच तुटे, आणि आजूबाजूच्या घरांतले टीव्ही मोठे होत. इस्त्रीवाल्याने एकदा धीर करून दार ठोठावलं होतं. "घरचा मामला आहे," म्हणून ठेकेदाराने ते तोंडावर बंद केलं, आणि त्या रात्री बायकोला दुप्पट मार बसला. त्यानंतर कुणी दार ठोठावलं नाही. कामाला जाताना ठेकेदार बाहेरून कुलूप लावी. बायकोचा फोन त्याच्याच खिशात असे. कुलूप नसे ते फक्त रविवारी, तो दाढीला खाली उतरे तेवढा वेळ. जेमतेम वीस मिनिटं.

शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींच्या मोरीची खिडकी ठेकेदाराच्या मोरीच्या खिडकीसमोर होती. मंगळवारी तिथून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मावशी, मला पाऊण तास हवाय. बाकीचं मी बघते."

मावशी चार दिवस गल्लीत फिरल्या. कापड दाखवायच्या निमित्ताने एकेकाच्या दारात उभ्या राहिल्या. नाही कुणीच म्हटलं नाही. मान मात्र सगळ्यांनीच खाली घातली होती.

तिसाव्या मिनिटाला ठेकेदाराने गळ्याभोवतीचं कापड ओढलं. "बस झालं आता."

मावशींनी तिच्यासाठी ठरवलेला टेम्पो अजून गेला नव्हता. गल्लीला रस्ता एकच, आणि तो सलूनसमोरून जाणारा.

"बरं," तो म्हणाला. "तसे मिशीत दोन पांढरे दिसतायत. पण राहू दे. वय कुणाला चुकलंय?"

ठेकेदार उठता उठता थांबला. आरशाजवळ वाकला. "कुठे?"

"हे काय, इथे. आणि हा तिसरा. डाय लावू का? दहा मिनिटांचं काम."

ठेकेदार परत खुर्चीत टेकला. इस्त्रीवाल्याला हसू आवरेना, तो खोकायला लागला.

डाय मिशीवर चढला आणि बाहेर टेम्पोचा आवाज आला. पोस्टमन पेपर हातात घेऊन उठला, थेट खुर्चीच्या मागे आला आणि दोन्ही हातांनी पेपर पूर्ण उघडून उभा राहिला. "शेठ, ह्या नव्या पुलाचं काम तुम्हीच घ्यायला हवं होतं बघा," तो म्हणाला. आरशात रस्ता दिसेनासा झाला. सलूनवाल्याला मात्र पेपरच्या कडेवरून सगळं दिसलं. पुढच्या सीटवर ती बसली होती. मांडीवर तिची लहान मुलगी. मावशी त्यांना खेटून, जणू मध्ये भिंत घातल्यासारख्या. ती सरळ समोर बघत होती.

"हात का थांबला रे?" ठेकेदाराने विचारलं.

"काही नाही शेठ. रंग छान बसलाय."

काळ्याभोर मिशीवरून बोट फिरवत ठेकेदार घरी गेला. पाचव्या मिनिटाला तो धावत परत आला. हाताला लागली ती बाटली त्याने आरशावर फेकली. काच उभी तडकली.

"कुठे गेली ती?"

"माहीत नाही," सलूनवाला म्हणाला.

"खोटं बोलतोस!"

"खरंच माहीत नाही. आम्ही मुद्दामच विचारलं नाही. माहीत असतं तर कुणाच्या तरी तोंडून निघालं असतं."

ठेकेदाराने त्याची कॉलर धरली. तेव्हा पोस्टमन उठला. इस्त्रीवाला उठला. समोरचा किराणावाला, वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, कुणी ओल्या हातांनी, कुणी अनवाणी, दारात येऊन उभे राहिले. ठेकेदाराने एकेकाकडे पाहिलं. ह्यातल्या एकाचीही मान आज खाली नव्हती. त्याची पकड सैल झाली.

"ह्या गल्लीत यापुढे तुमची दाढी होणार नाही," सलूनवाला कॉलर सारखी करत म्हणाला. शेठ म्हणायचं त्याने टाळलं.

चौथ्या दिवशी दुपारी सलून रिकामं होतं. सलूनवाला फुटक्या काचेवर चिकटपट्टी लावत होता. दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. मागच्या गल्लीतली असावी. एवढ्या उकाड्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"ताई, इथे फक्त पुरुषांचे केस कापतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. तिने मागे वळून रस्ता पाहिला आणि उंबरा ओलांडून आत आली. "माझे मिस्टरही दाढीला तुमच्याकडेच येतात."