मान वर होईपर्यंत

साडेतीन वाजले तरी साहेबांची मान काही वर होईना. कानांवर हेडफोन, डोळे पुलाच्या नकाशावर. त्यांच्या टेबलापासून बरोबर हातभर अंतरावर ताई उभी होती, तोंडाला कुलूप लावून.

नियमच तसा होता. त्या ऐसपैस हॉलमध्ये ना भिंत ना पडदा, चाळीस टेबलं एकमेकांना खेटून. म्हणून ठरलं होतं, की समोरचा कामात गढलेला असेल तर जवळ जाऊन गप्प उभं राहायचं. हाक मारायची नाही, खाकरायचंसुद्धा नाही. त्यानं आपण होऊन पाहिलं की मग बोलायचं. नियम ताईनंच सुचवलेला, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

आज मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. धाकटा भाऊ पाच वर्षांसाठी परदेशी निघाला होता. गाडी चारची. स्टेशन समोरच्याच चौकात. पण कालच दिलेल्या रजेच्या अर्जावर साहेबांची सही असल्याशिवाय पहारेकरी तिला फाटकाबाहेर सोडणार नव्हता. मोबाइलही फाटकावरच जमा.

भाऊ म्हणजे नुसता भोंगा. गल्लीच्या टोकापासून ‘ताई’ म्हणून बोंब ठोकायचा. माणसं कामात असतात रे, जरा दम धरत जा, असं सांगून सांगून ताई थकली. पालथ्या घड्यावर पाणी.

मागे पावलं वाजली. कुणीतरी येऊन उभं राहिलं. मग आणखी कुणी, मग आणखी एक. असतील आपल्यासारखेच अडलेले, असं म्हणून तिनं वळूनही पाहिलं नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी साहेबांनी मान वर केली.

“अहो, तुमच्या अर्जावर सकाळीच सही केली. तुमच्याच टेबलावर ठेवलाय. तुम्ही कामात होता, म्हणून बोललो नाही.”

ताई गर्रकन वळली. मागे शेजारच्या टेबलावरचा कारकून. तो हेच सांगायला आला होता. पण ताई साहेबांकडे इतकं मन लावून बघत होती की त्याला तिला हटकवेना. त्याच्यामागे पहारेकरी. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

“तुमचा भाऊ आला होता, मीच त्याला आत घेऊन आलो,” पहारेकरी म्हणाला. “बॅग घेऊन वीस मिनिटं उभा होता माझ्यामागे. गाडीची वेळ झाली तसा गेला. मी हळूच म्हटलं, मार की हाक. तर म्हणाला, नको, ताई कामात आहे.”

जन्मात पहिल्यांदाच त्यानं तिचं ऐकलं होतं.