तिच्या बाजूची काच

जुन्या गाडीला तिच्याच सालचा हीटर हवा, असा माझ्या गॅरेजात आलेल्या आजोबांचा हट्ट. “आमच्या हिला विजोड काही चालत नाही. जन्मभर गाडीत कुडकुडली बिचारी, मी आज बसवू, उद्या बसवू करत राहिलो.” बायको गेल्यावर सुचलेलं शहाणपण! भंगारबाजार पालथे घालून पितळी खटक्यासकट हीटर मिळवला. बसवताना एकच गोष्ट सतावत होती: बंद गाडीत शेजारच्या सीटसमोरची काच आतून धुरकटायची, निवळायची, पुन्हा धुरकटायची. रबर बदलूनही तेच. आज आजोबांना स्टिअरिंगवर बसवून खटका ओढला. ऊबदार झोत आला, काच लख्ख झाली ती तशीच राहिली. “बघा, गेली वाफ!” मी फुशारलो. आजोबांनी रिकाम्या सीटवर हात फिरवला. “तो तिचा श्वास होता. कुठं गेली?” समजूत काढायला मी पलीकडून आत वाकलो, तर माझा चष्मा बाहेरून धुरकटला. निवळला. पुन्हा धुरकटला.