तक्रार एकही नाही

"सुई ओवता येते?" डॉक्टरांनी आईच्या डोळ्यावरचा दिवा बाजूला घेतला.

"येते. पण ती सवयीने येते." डोळे गेलेत, हे आई घरूनच ठरवून आली होती. शिवणयंत्रही भाचीला देऊन टाकायचं ठरलं होतं.

शेजारी लेक नुसता पाय हलवत बसली होती. पर्समधला फोन थरथरायचा थांबत नव्हता. मोबाइल कंपनीच्या ऑफिसात सगळे तिच्या होकारासाठी खोळंबले होते. नव्या फाइव्ह-जी नेटवर्कवर कोणाचा व्हिडिओ अडकू नये म्हणून तिने कंपनीच्या संगणकाला एक युक्ती शिकवली होती. बघणाऱ्याने बराच वेळ स्क्रीनला बोट लावलं नाही, की तो झोपला असं धरायचं. त्याचं चित्र हळूच पुसट करायचं आणि वाचलेला वेग जागणाऱ्यांना द्यायचा. महिनाभर फक्त याच भागात चाचणी चालली होती. आज ते शहरभर सुरू व्हायचं होतं, आणि पाठोपाठ तिची बढती.

"संध्याकाळी फोन समोर उभा करून मालिका लावते," आई डॉक्टरांना सांगत होती. "थोड्या वेळाने सगळ्यांची तोंडं पिठाच्या गोळ्यांसारखी. हिला दाखवावं, तर हिने फोन हातात घेतला की चित्र लख्ख. म्हणजे खोट माझ्यातच की."

लेकीचा पाय हलायचा थांबला.

"आई, बघताना तू फोनला हातच लावत नाहीस?"

"हात शिवणात असतात, बाई. फोन कोण कुरवाळत बसणार?"

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "मावशी, डोळे ठणठणीत आहेत. चष्म्याचा नंबरसुद्धा तोच. हल्ली इथले बरेच जण हेच सांगत येतात, आणि तपासावं तर काही निघत नाही."

लेक फोन घेऊन दाराशी गेली.

"अगं, आहेस कुठे?" साहेब वैतागले होते. "महिन्याभरात तक्रार एकही नाही. कशाची वाट बघतेस? सुरू करू ना?"

दाराबाहेर लांबलचक बाक होता. त्यावर खेटून बसलेली वयस्क माणसं. एकीच्या मांडीवर अर्धवट विणलेला स्वेटर. एक आजोबा चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवत होते, पुन्हा काढत होते.

"थांबा, सर," ती म्हणाली. "तक्रारी सगळ्या इथे आल्यात. बाकावर जागा नाही."